बत्ती नाही, पाय ढकलला

आमच्या घरच्या भिंतीवरच्या कॅलेंडरात देवधर्म कमी आणि संसार जास्त असतो. चतुर्थी, एकादशी आई बघते. बाकी प्रत्येक चौकोनात बाबांचं बारीक अक्षर. गॅसची टाकी लावली तो दिवस, नळाला पाणी आलं नाही तो दिवस, आईच्या गुडघ्याचं इंजेक्शन. बाबा मालगाडीचे गार्ड होते. तीस वर्षं गाडीच्या सगळ्यात शेवटी, ब्रेकव्हॅनमध्ये एकट्याने बसून गाडी कुठे थांबली, किती वाजता थांबली, का थांबली, हे डायरीत लिहीत आले. रिटायर झाले, गाडी सुटली, पण लिहिणं काही सुटलं नाही. आई म्हणायची, "मी शिंकले तरी हे लिहून ठेवतील, कोणत्या सिग्नलला शिंकली ते."

ते कॅलेंडर स्वयंपाकघराच्या दाराशी आहे. मी दिवसातून दहा वेळा त्याच्यासमोरून जाते. वाचत मात्र कधीच नव्हते.

आम्ही तिघं इकडे हिंदी मुलखात, छत्रीबागेत राहतो. मी शाळेत शिकवते. पन्नाशी ओलांडली, लग्न केलं नाही, त्याची गोष्ट वेगळी आहे आणि फार मजेदारही नाही. धाकटा भाऊ पुण्याला असतो आणि रविवारी व्हिडिओवर येऊन घर चालवतो. दारात एक पांढरी छोटी गाडी आहे, नऊ वर्षांची. ती बाबांची. मीही चालवते, पण विचारून. माझा स्वभाव तापट आहे आणि तो ब्रेकवरही उतरतो. समोर कोणी आलं की मी दाणकन पाय मारते आणि गाडी जागच्या जागी खिळते. बाबा तसे नाहीत. वळण दिसलं की ते लांबूनच पाय टेकवतात आणि गाडी अशी थांबते की मांडीवरचा डबासुद्धा हलत नाही. "ब्रेकवर पाय ठेवायचा असतो, उभं राहायचं नसतं," हे त्यांनी मला शिकवताना शंभरदा सांगितलं. शिकले असते तर काय हवं होतं.

दर बुधवारी दुपारी बाबा आईला घेऊन खजरान्याला गणपतीच्या दर्शनाला जात. आईला आता रिक्षात चढता येत नाही, गुडघे वाकत नाहीत; गाडीची पुढची सीट तेवढी तिला जमते. जाताना कचोरी नाही, येताना नक्की. या फेरीला मी कधी गेले नाही, कारण मला कोणी कधी बोलावलं नाही. आई एकदा म्हणाली होती, "घरात हे पेपर वाचतात. गाडीत बसलं की माझ्याशी बोलतात." तेव्हा मी हसले होते.

गेल्या हिवाळ्यात त्या गाडीत एक पिवळी बत्ती लागायला लागली. गोलात तीन अक्षरं, एबीएस. जोरात ब्रेक लावला की चाकं जाम होऊन गाडी घसरू नये, म्हणून ही यंत्रणा चाकाला धर-सोड, धर-सोड करते, इतकं मला माहीत होतं. बत्ती लागली याचा अर्थ ही यंत्रणा आजारी आहे. पण ती कधी लागायची, कधी नाही. बाबा जेवताना म्हणाले, "ती पिवळी बत्ती परत आली होती."

"बंद करून चालू केली की जाते ना?"

"जाते."

"मग झालं तर. जुनी गाडी आहे बाबा, तुम्ही पण ना, फालतू टेंशन घेता."

ते पुढे काहीतरी बोलणार होते. मी वह्या तपासत होते. "पोळी घेऊ का अजून एक," असं म्हणून त्यांनी विषय संपवला.

त्यानंतरच्या दुसऱ्या की तिसऱ्या बुधवारी मला शाळेत फोन आला. खजरान्याच्या पार्किंगमध्ये, जिथे जरा उतार आहे तिथे, बाबांची गाडी एका फुलवालीच्या ठेल्याला जाऊन धडकली होती. वेग माणसाच्या चालीएवढा. ठेला कलला, झेंडूच्या टोपल्या उपड्या झाल्या, फुलवाली बाजूला उभी होती म्हणून वाचली. कोणाला खरचटलंही नाही. पण मी पोहोचले तेव्हा बाबा फुटपाथवर बसून एकेक हार झटकून टोपलीत ठेवत होते आणि फुलवालीच त्यांना पाणी देत होती. आई गाडीतच बसून होती, हात जोडून, कोणाला ते कळत नव्हतं.

मला बघून बाबा म्हणाले, "मी ब्रेकच दाबला होता. ब्रेकने माझा पाय मागे ढकलला."

हे वाक्य मी माझ्या कानांनी ऐकलं. त्याचं मी काय केलं ते आता सांगते.

त्या रात्री भावाला फोन लावला. तो म्हणाला, "ब्रेक पाय ढकलतो? ताई, नाचता येईना अंगण वाकडं. बाबांनी ॲक्सिलेटर दाबला, दुसरं काय. अठ्ठ्याहत्तर वय आहे. उद्या माणूस गेला तर?" मला त्याचं पटलं. खरं सांगायचं तर त्याने बोलायच्या आधीच पटलेलं होतं. साठी बुद्धी नाठी म्हणतात, इथे तर साठीला जाऊन अठरा वर्षं झालेली. सकाळी मी दाराजवळच्या खिळ्यावरून गाडीची चावी काढली आणि माझ्या पर्समध्ये टाकली. बाबा समोरच उभे होते. त्यांनी खिळ्याकडे एकदा बघितलं आणि आंघोळीला गेले.

गाडी मी बायपासकडच्या मोठ्या वर्कशॉपमध्ये नेली. तिथे एसी आहे, कॉफी आहे, हातात टॅब घेतलेला, इस्त्रीच्या शर्टातला मुलगा आहे. त्याने विचारलं, "मॅम, कंप्लेंट क्या लिखूं?" मी म्हटलं, "एबीएस की लाइट आती है. और आगे का बंपर." बस. ब्रेक पाय ढकलतो, हे मी सांगितलं नाही. शाळेत मी मुलांना रोज सांगते, अपने शब्दों में लिखो, रट्टा मत मारो. आणि इथे ज्या माणसाची तक्रार होती त्याचे शब्द मीच गाळले. मला ते शब्द म्हणजे सबब वाटली. आपल्या म्हाताऱ्या बापाची सबब परक्यासमोर कशाला सांगायची, अशी माझी सभ्यता.

संध्याकाळी गाडी परत मिळाली. चाकाच्या सेन्सरचा कोड होता, सेन्सर साफ करून कोड मिटवला, बत्ती गेली. चावी देताना तो मुलगा फार गोड हसून म्हणाला, "अंकल जी से पैडल कन्फ्यूजन हो गया होगा मॅम. बुजुर्गों में होता है." मी येताना मुद्दाम चार ठिकाणी दाणकन ब्रेक मारून बघितला. गाडी चार वेळा शहाण्यासारखी थांबली. माझी खात्री झाली.

घरी येऊन मी जेवणाच्या टेबलावर निकाल सांगितला. "गाडी ठीक आहे बाबा. ब्रेकमध्ये काही नाही."

बाबांनी मान हलवली. "मग माझ्यातच असेल," म्हणाले.

त्यांनी भांडण केलं असतं तर बरं झालं असतं. मला भांडता येतं. पण त्या दिवसापासून घर एकदम शांत झालं. बुधवार आला आणि गेला. आईने घरातल्याच गणपतीला जास्वंद वाहिलं आणि दुपारभर टीव्ही लावून बसली, आवाज बंद करून. बाबा पेपर वाचत राहिले. मी आईला म्हटलं, "रविवारी मी नेते ना तुला." ती म्हणाली, "राहू दे गं, तू ब्रेक लावतेस तेव्हा माझे गुडघे डॅशबोर्डला लागतात." थट्टेनेच म्हणाली, पण आली नाही.

एका शनिवारी शाळा लवकर सुटली. मी दुपारी घरी आले, दार उघडंच होतं. आई झोपली होती. बाबा स्वयंपाकघराच्या बाजूला जेवणाच्या खुर्चीवर ताठ बसलेले, पाठमोरे. समोर जमिनीवर माझ्याच खडूने काढलेले दोन चौकोन, एक मोठा, एक उभट. बाबांचे डोळे मिटलेले असावेत, कारण ते स्वतःशीच पुटपुटले, "ब्रेक," उजवा पाय उचलून ठेवला, आणि मग मान खाली घालून पाय कुठे पडला ते बघितलं. मोठ्या चौकोनात. परत पाय उचलला. "ब्रेक." परत बघितलं. "ॲक्सिलेटर. ब्रेक. ब्रेक." मी दारात उभी राहून मोजत नव्हते, पण एकदाही पाय चुकला नाही.

मला रडू आलं. पण लक्षात घ्या, कशाचं आलं. मला वाटलं, बिचारे, किती मनाला लावून घेतलंय. त्यांचा पाय चुकत नाहीये, हे डोळ्यांसमोर दिसत असूनही माझ्या डोक्यात शिरलं नाही. मी आवाज न करता बाहेर गेले, दाराची कडी वाजवून परत आत आले. तोपर्यंत त्यांनी पायपुसणं चौकोनांवर ओढलं होतं. आम्ही दोघांनी चहा घेतला आणि हवेबद्दल बोललो.

पुढच्या महिन्यात पाच तारीख उलटली तरी कॅलेंडर मागच्याच महिन्यावर होतं. पान उलटायचं काम बाबांचं, पहिल्या तारखेला, चहाच्या आधी. आई ओरडली, "अगं, चतुर्थी कधी बघू मी, हे तर जुनंच लटकतंय." मी पान उलटायला हात घातला आणि खालचा अर्धा महिना मला कोरा दिसला. गॅस नाही, नळ नाही, काही नाही. आमच्या घरात असं पान मी पूर्वी पाहिलं नव्हतं. कोरे चौकोन सुरू होत होते त्याच्या आधी एक बुधवार होता, आणि त्यात लिहिलं होतं: "बत्ती नाही. पाय ढकलला. फुलवालीचा ठेला. चूक माझी?"

ते प्रश्नचिन्ह मोठं होतं, दोनदा गिरवलेलं.

मी चष्मा लावला आणि उभ्या उभ्या मागचे सगळे चौकोन वाचले. त्याच्या आधीचा महिनाही उलटून वाचला. गॅस आणि नळाच्या मधूनमधून ते होतंच. "बत्ती लागली. ब्रेक ठीक." "बत्ती नाही. थांबता थांबता पाय ढकलला." "बत्ती. ब्रेक ठीक." "बत्ती नाही. घर्र आवाज, पाय ढकलला. वेग दहाच्या खाली." एका ठिकाणी: "सांगायचं. ती कामात होती." ती म्हणजे मी.

मी खाली बसले. हा अपघातानंतर रचलेला बहाणा नव्हता. माणूस दीड महिना आधीपासून लिहीत होता. पण मजकूर उलटाच होता. बत्ती लागली की ब्रेक ठीक, आणि बत्ती नसली की बिघाड? असं कसं असेल? बत्ती तर बिघाड झाला की लागते ना? मला काही उमजेना. पण एवढं कळलं की हे वाचणारं कोणीतरी शोधायला पाहिजे, आणि ते मी नाही.

शाळेच्या बसवाल्याने मल्हारगंजातल्या एका उस्तादाचा पत्ता दिला. गल्ली इतकी अरुंद की त्याचं दुकान म्हणजे एक शटर आणि बाहेर एक गाडी मावेल एवढी जागा. दुसरी गाडी आली की पहिलीने जायचं. मी स्कूटरवर कॅलेंडर गुंडाळून घेऊन गेले, गाडी न घेता. उस्ताद माझ्याच वयाचा, हाताला काळं, कानावर पेन्सिल. कॅलेंडर बघून म्हणाला, "दीदी, ये क्या, पंचांग दिखवाने आई हो?"

मी म्हटलं, तुम्ही आधी ऐका, आणि एकेक चौकोन हिंदीत करून वाचून दाखवला. दुसऱ्या ओळीनंतर त्याने हातातला पाना खाली ठेवला. चौथ्या ओळीला म्हणाला, "फिर से बोलो. बत्ती बंद, तब पांव ढकेला?"

"हो. हां. बत्ती बंद तब."

"और बत्ती जली, तो ब्रेक बढिया."

"हां."

"किसने लिखा ये?"

"मेरे पिताजी ने. गार्ड थे, रेल्वे में."

"तभी," तो म्हणाला. "दीदी, भोत बढिया लिखा है. आधी बीमारी तो इसी में पकड में आ गई." मग त्याने मला समजावलं. बत्ती लागते तेव्हा एबीएस स्वतःला बंद करून घेतं, मग साधा ब्रेक उरतो आणि तो ठणठणीत असतो. बत्ती नसते तेव्हा एबीएस जागं असतं, आणि त्याला एका चाकाकडून खोटी खबर मिळत असली, तर चाक जाम झालं असं समजून ते ऐन थांबताना ब्रेक सोडतं. पाय ढकलल्यासारखा होतो, गाडी हात-दीड हात पुढे सरकते. "मतलब जिसने बत्ती बुझाई ना, उसने बीमारी को जगा दिया." बत्ती विझवून आणली होती मी.

"पण मी चालवली, मला तर काही झालं नाही."

"आप ब्रेक कैसे मारती हो?"

मी जमिनीवर दाणकन पाय आपटून दाखवला. तो हसला. "जोर से मारोगी तो गाडी झट से खडी. ये जो आखरी के दस कदम हैं ना, धीमे वाले, बीमारी उसमें है. और वो दस कदम आप चलती ही नी हो. ऐसा करो, इतवार को सुबे आठ बजे आ जाओ, गल्ली खाली रेती है. बाबूजी को लाना. गाडी वोई चलाएंगे."

मी म्हटलं, मी चालवते, मला सांगा कसं चालवायचं. तो म्हणाला, "नी दीदी. जिसके पांव को पता है, अपन उसी के साथ बैठेंगे. मशीन तो बाद में भी लगा लेंगे."

रविवारी गाडी मी गल्लीच्या तोंडापर्यंत नेली. बाबा शेजारी, हात मांडीवर. तिथे उस्ताद उभा होता, मोबाइलएवढं एक यंत्र हातात. मी उतरले आणि चावी बाबांपुढे धरली.

बाबांनी हात मागे घेतला. "नको. तूच चालव."

"बाबा, ते म्हणतायत तुम्हीच—"

"नको म्हटलं ना. मला आता माझ्या पायाचा भरवसा नाही."

तीस वर्षं मालगाडीच्या शेवटी बसून ब्रेकची जबाबदारी सांभाळणारा माणूस हे म्हणाला, भर रस्त्यात, परक्यासमोर. आणि हे त्याला मी शिकवलं होतं. उस्तादाने गाडीचं दार उघडून धरलं आणि म्हणाला, "बाबूजी, मेरे को आपके लिखे पे भरोसा है. आप बस वो कर दो जो कैलेंडर में लिखा है. ठेला-विला कोई नी है सामने, मैं हटवा दूंगा."

बाबा त्यांच्या बाजूने उतरले. पायजम्याला हात पुसले, चावी घेतली, स्टिअरिंगमागे बसले, सीट पुढे घेतली, आरसा नीट केला. मी ती तीन आठवडे माझ्या मापाची करून ठेवली होती. उस्ताद त्यांच्या शेजारी, मी मागे बसले.

गल्ली खरंच रिकामी होती. एक झाडूवाली, एक सायकल, बंद शटरं. उस्तादाच्या मांडीवरच्या यंत्रावर चार चाकांचे चार आकडे पळत होते, मला मागून दिसत होते. बाबा पंचवीसवर गेले, मग सवयीप्रमाणे लांबूनच पाय टेकवला. चारही आकडे हातात हात घालून उतरायला लागले. वीस, सोळा, बारा. आणि मग तिघं दहावर असताना चौथा एकदम शून्यावर गेला, परत दहा, परत शून्य. गाडीखालून घर्र झालं. बाबांचा गुडघा वर उडालेला मी माझ्या डोळ्यांनी बघितला.

"आया!" उस्ताद ओरडला. "बाबूजी, पांव में आया?"

"आया," बाबा म्हणाले. "आया भिया. यही. यही आता है."

आम्ही ते अजून तीनदा केलं. तिन्ही वेळा आलं. तिसऱ्या वेळी बाबाच आधी म्हणाले, "अब आएगा," आणि आलं.

दुकानात गाडी जॅकवर चढली, पुढचं डावं चाक निघालं. आत चाकाच्या आसावर एक दातेरी लोखंडी कडं असतं. ते फिरतं आणि शेजारचा सेन्सर त्याचे दात मोजून चाकाचा वेग सांगतो. कड्याखालचा गंज फुगला होता आणि त्या फुगण्याने कडं एका जागी तडकलं होतं. "पानी में खडी री थी क्या?" उस्तादाने विचारलं. पावसाळ्यात आमच्या गल्लीत नदीकडून पाणी शिरलं होतं आणि गाडी दोन दिवस अर्ध्या चाकापर्यंत उभी होती. तेव्हा बाबांनी मला ती हलवायला सांगितलं होतं का, ते मला आठवत नाही. कॅलेंडरात शोधायची हिंमत अजून झालेली नाही.

उस्तादाने टॉर्च धरला आणि बाबांना खाली वाकून दाखवलं. फट एवढीशी, नखाचं टोक जाईल इतकी. बाबांनी खरंच नख घातलं. बराच वेळ तिथेच ठेवलं.

"एवढीशी?" ते म्हणाले.

मी तिथेच, त्या ग्रीसच्या जमिनीवर, त्यांच्या शेजारी उकिडवी बसले आणि म्हटलं, "बाबा, चुकलं माझं. तुम्ही सांगितलं होतं आणि मी वर्कशॉपमध्ये ते सांगितलंच नाही. मला खरं वाटलं नव्हतं."

बाबांनी फटीवरून नजर काढली नाही. "मलाही नंतर नव्हतं वाटलं," म्हणाले.

घरी आईला सगळं सांगितलं तेव्हा ती इतकंच म्हणाली, "म्हणजे चोर सोडून संन्याशाला फाशी." आणि भावाला स्वतः फोन लावून दहा मिनिटं ऐकवलं, मी तिला एवढं सलग बोलताना क्वचितच ऐकलंय. गाडीत नवीन कडं बसलं आणि चावी परत खिळ्यावर गेली.

बुधवारी खजरान्याला जाताना पहिल्यांदाच मलाही बोलावणं आलं. निघायला उशीर झाला, माझी शाळा सुटेपर्यंत थांबले होते. पार्किंगच्या उतारावर बाबांनी लांबूनच पाय टेकवला, गाडी हळूहळू सरकत आली आणि फुलवालीच्या ठेल्यापासून चांगली चार हातांवर मुकाट थांबली. फुलवाली आधी झटकन बाजूला झाली होती. मग हसली. "बाबूजी, आज तो दूर से ही नमस्ते कर ली!" बाबांनी तिच्याकडून हार घेतला आणि तिला सांगायला लागले, कडं कसं असतं, त्याला दात कसे असतात, तडा कुठे होता. तिला त्यातलं काय कळलं देव जाणे, पण तिने पूर्ण ऐकून घेतलं. आई म्हणाली, "चला, गणपतीलाही सांगायचं असेल ना."

दर्शन झालं, कचोरी झाली, निघेपर्यंत दिवे लागले. बाबा चालवत होते, आई शेजारी, मी मागे. रिंग रोडला लागायच्या आधी त्यांनी गाडी अचानक डाव्या बाजूला घेतली, थांबवली, आणि उतरून माझ्या दाराशी आले.

"तू चालव."

"काय झालं? परत पाय ढकलला?"

"नाही. ब्रेक ठीक आहे." "दिवे लागले ना, की समोरच्या गाडीचा लाइट डोळ्यावर येतो आणि मला काही दिसत नाही. पुढे माणूस आहे की नाही, ते पण नाही. वर्ष होईल आता."

वर्षभर. "मग सांगितलं का नाही बाबा?"

"सांगितलं असतं तर चावी गेली असती."

"आणि आज?"

बाबांनी चावी माझ्या हातात ठेवली. "आज वाटलं, तू नीट ऐकून घेशील," म्हणाले. "दिवसा चालवीन मी. लिहून ठेव, डोळ्यांच्या डॉक्टरला विचारायचं आहे."

मी पुढे बसले. या वेळी सीट मागे घेतली नाही, त्यांच्या मापाचीच राहू दिली, गुडघे थोडे अडखळले तरी. पुढच्या चौकात सिग्नल लाल झाला. मी लांबूनच पाय टेकवला आणि तसाच ठेवला. गाडी थांबली तेव्हा आईच्या मांडीवरचा प्रसादाचा डबा हलला नव्हता. तिने एकदा डब्याकडे बघितलं, एकदा माझ्याकडे, आणि मागे वळून बाबांना म्हणाली, "हे पण लिहा कॅलेंडरात."